गरम पाण्याने धुतलेले निकेल

सुरतजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळत असे. एका सकाळी नव्या मालाचा नमुना पोलारीमीटरमध्ये, म्हणजे त्यातून जाणारा प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्रात ठेवला. आकडा शून्यापासून हलला नाही.

मालाला हायड्रोजन पूर्ण लागला होता. तिथे चूक नव्हती. पण या मालाचे रेणू दोन प्रकारचे होतात, डाव्या-उजव्या हातांसारखे, आणि गिऱ्हाइकाला एकच हात हवा होता. हायड्रोजन जोडायला वापरतो ते निकेल नुसते असले तर दोन्ही सारखेच बनवते, आणि आकडा शून्य येतो. म्हणून निकेलची भुकटी आधी टार्टारिक आम्लात भिजवायची. पृष्ठभागावर आम्लाचा थर बसला, की बहुतेक रेणू हवे तसे बनतात. आकडा शून्य म्हणजे थर नव्हता.

निकेल तयार करणारे ऑपरेटर काका सुरतच्या गोडादऱ्यात राहत. मूळचे खानदेशी, आधी साड्या रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये होते, इथे ठेक्यावर. मॅनेजरांनी त्यांना बोलावून घेतले.

"काका, भिजवल्यावर काय केलंत?" मी विचारले.

"धुतलं, मॅडम. हिरवं पाणी निंघत व्हतं. गरम पाण्यानं धुतलं, पार निवळ येईस्तोवर."

"आ साडीनी मिल छे?" मॅनेजर म्हणाले. "शाम को गेटपास जमा कर देना."

मिलमध्ये सुटा रंग असाच काढतात. काकांना काढण्याआधी पाचपर्यंत थांबा, असे मी मॅनेजरांना सांगितले. त्याच डब्यातल्या निकेलचे दोन भाग करून भिजवले. एक थंड पाण्याने दोनदा धुतला, दुसरा काकांच्या पद्धतीने. दोन्ही वापरून छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भांड्यात, थोडा थोडा माल बनवला. काका भिंतीशी उभे होते. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

पाचला आकडे आले. पहिला अपेक्षेइतका, दुसरा शून्यालगत. निकेल चांगले होते. थर गरम पाण्याने उतरला होता.

"म्हणजे मी गेलो," काका म्हणाले.

मी कृतीचा कागद काढला. त्यावर सही माझी होती. भिजवण्याचे तापमान होते, वेळ होती. धुण्याबद्दल एवढेच: 'स्वच्छ धुवून घ्यावे.' मी स्वतः थंड पाण्याने दोनदाच धूत असे. ते लिहावे असे वाटले नव्हते.

मॅनेजरांनी कागद दोनदा वाचला.

"तो भूल तुम्हारी?"

"हो."

माल बिघडल्याच्या अहवालात चूक कोणाची, तिथल्या काकांच्या नावावर त्यांनी काट मारली आणि पेन माझ्याकडे सरकवले. मी माझे नाव लिहिले.

"उद्या येऊ ना, साहेब?" काकांनी दारातून विचारले.

मॅनेजरांनी वर पाहिले नाही. "आठ बजे."