अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग

दसऱ्यासाठी मुलानं पिठाच्या चक्कीला हिरवा ऑइलपेंट दिला आणि त्या वासानं माझं डोकंच फिरलं.

कापूस मातीमोल झाला होता, तेव्हा मी महागावला कापसातून सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तिथंही पूजेसाठी मशीन अशीच रंगवली होती, वर हळदकुंकू. माझ्या शेजारची शांता म्हणाली, "साहेब, मशीन झटके देऊन राह्यली." फोरमन हसला. "चप्पल घालून येत जा!"

दुपारी घामेजल्या हातानं ती मशीनला चिकटली आणि गेली. केसांत सरकी तशीच. गळता करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची तार होती, पण बोल्टखाली रंगाचा थर. तार लोखंडाला टेकलीच नव्हती. आणि सगळे म्हणे, तिचं नशीब! कसलं नशीब?

आता मी घरच्या चक्कीचा मेन बंद केला, अर्थिंगचा बोल्ट काढला, खालचा रंग खरवडला.

"आई, आताच तं रंगवली वं!"

"आधी लोखंड दिसू दे," मी ओरडले, "मंग घाल हार."