इथल्या आमटीत गूळ नाही

उकळत्या आमटीत गूळ पडला की जो वास सुटतो ना, त्यानं मला आइंडहोवनमधला माझा पहिला गणपती आठवतो आणि आजही डोकं तापतं. लेकीकडे कायमची राहायला आले होते. नातीला आपल्या घरची आमटी कळावी, म्हणून मंडळाच्या स्वयंपाकाला हौसेनं उभी राहिले. हॉलभर ओल्या रेनकोटांचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास भरलेला. मी गुळाचा खडा उचलला, तर तिथे सगळ्यांत आधी येऊन राहिलेल्या नागपूरच्या बाईंनी माझा हातच धरला. "ताई, इथे आमटीत गूळ नाही टाकत." "इथे म्हणजे कुठे हो? नेदरलँड्समध्ये?" मी विचारलं. जावई हसायला लागले. "आई, अमेरिकेतही असंच झालं. इंग्लंडच्या एका भागातले लोक उत्तरेला उतरले, दुसऱ्या भागातले दक्षिणेला. जे आधी आले, त्यांचंच खाणं-बोलणं त्या त्या मुलखाचं झालं. इथे नागपूरकर आधी आले." "म्हणजे चार घरं माझ्याआधी विमानातून उतरली, म्हणून मी जन्मभर तिखटजाळ गिळायचं?" कोणी ऐकलं नाही, गूळ पिशवीतच राहिला. परवा घरी मी माझ्या पद्धतीची आमटी केली. नात मंडळाचीच आमटी खात मोठी झाली, आता कॉलेजात जाते. एक घोट घेऊन ती लाडानं म्हणाली, "आजी, नाइस आहे, बट धिस इज नॉट आमटी."