भागीबाईची निघतानाची घंटी

स्नेहा पगारे भित्री आहे, हे तिच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. गॅस बंद केला तरी पुन्हा हात लावून बघेल, कुलूप लावलं तरी ओढून बघेल आणि रिक्षात बसल्यावर उतरून परत एकदा ओढून येईल. नवरा, मनोज, म्हणतो, "आपल्याकडे चोर आला ना, तर तोच बिचारा तुला पाणी देईल." ती हसते, आणि हसता हसता खिडकीची कडी तपासते.

घर नाशिकला द्वारका चौकाजवळ, नोकरी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये. लेबलं काढायची, गाड्यांच्या नोंदी करायच्या, फोन उचलायचे, असं तिचं काम. पण तिथल्या बायकांना ती माहीत आहे घंटीवाली म्हणून.

गेल्या हंगामात सुलाबाई नावाची बाई कोल्ड रूममध्ये अडकली होती. दाराची आतली कडी बर्फ धरून बसली आणि मशीनच्या घरघरीत तिची हाक कुणाला ऐकूच आली नाही. बाहेर काढली तेव्हा तिची दातखीळ बसली होती. ती पुन्हा कामावर आली नाही. तेव्हापासून स्नेहाला चैन पडेना. तिनं पूर्वी कधीतरी क्लास लावून कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचं पायथन शिकलं होतं. ते उकरून काढलं आणि स्वतः प्रोग्रॅम लिहिला. कोल्ड रूममध्ये एक बटण बसवलं. ते दाबून धरलं की ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळायचं, हॉलमधला भोंगा वाजायचा, आणि स्नेहाचा अन् गेटवरच्या नवनाथचा फोन खणखणायचा. शेठ खूश झाले. इतके खूश, की दार दुरुस्त करायचं राहूनच गेलं.

भागीबाईनं त्या घंटीला आणखी एक काम लावलं. ती पेठ तालुक्याकडची, हंगामापुरती येणारी. संध्याकाळी शेवटचे क्रेट लावून कोल्ड रूममधून सगळ्यांत शेवटी तीच निघायची, आणि निघताना बटणावर नुसती टिचकी मारायची. टिचकीनं भोंगा वाजत नसे, फक्त स्नेहाच्या फोनवर 'टिंग' व्हायचं. म्हणजे, पोरी, मी निघाले गं. स्नेहा तेव्हा घरच्या वाटेवर असायची. ते टिंग ऐकल्याशिवाय खांद्यावरच्या पर्सवरचा तिचा हात सैल होत नसे.

परदेशातल्या गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला येणार होता, म्हणून शेठनी फर्मान काढलं की कॉम्प्युटरवर जुनं काही दिसता कामा नये. पायथन जुनं झालंच होतं. त्या दिवशी दुपारी स्नेहानं नवं उतरवून घेतलं, आणि ते नीट बसल्यावर जुनं काढून टाकलं, दिवाळीच्या साफसफाईत पोचे पडलेलं पातेलं काढावं तसं. प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर काळी खिडकी उघडली, कोल्ड रूमचं तापमान दिसू लागलं, आकडे हलू लागले. मग घंटी बघायची म्हणून तिनं टेबलावरूनच कीबोर्डचं एक बटण दाबलं. भोंगा वाजला. हॉलमधल्या बायका दचकल्या आणि तिच्यावर ओरडल्या. तिनं कान पकडले.

खरं बटण कोल्ड रूममध्ये होतं. आत जायचं तर स्वेटर, टोपी, बूट चढवायचे, आणि बस तर चुकत होती. गॅसचा नॉब दोनदा बघणारी बाई त्या दिवशी एकदाच बघून निघाली.

बस ओझरपर्यंत आली तरी फोन गप्पच. स्नेहानं तो पर्समधून काढून हातात घेतला. रेंज होती, आवाजही चालू होता. भागीबाईला उशीर झाला असेल, असं तिनं मनाला सांगितलं. मनानं ऐकलं नाही.

आणि मग तिच्या लक्षात आलं. भिंतीवरच्या बटणाशी बोलायला पायथनला वेगळा एक जोड लागतो. तो तिनं जुन्या पायथनमध्ये टाकला होता, आणि जुन्याबरोबर तोही गेला. नवं पायथन कोरं होतं. मग प्रोग्रॅमनं बोंब का नाही मारली? कारण ते तिनंच लिहून ठेवलं होतं. उंदरांनी वायर कुरतडली की सगळा प्रोग्रॅम बंद पडायचा, म्हणून कंटाळून तिनं एक ओळ घातली होती : बटण सापडलं नाही तर गप्प राहा, पुढचं काम चालू ठेव.

ऑफिसचा फोन उचलणारी तीच होती. बायकांचे फोन कामाच्या वेळी गेटवर डब्यात ठेवलेले. तिनं नवनाथला लावला.

"नवनाथभाऊ, भागीबाई बाहेर आल्या का?"

"आल्या असतील की मॅडम. बाया गेल्या चहाला."

"तुम्ही बघितलं का?"

"आता कंटेनर लागतोय, गेट सोडता येत नाय. आन् कुनी अडकलं असतं तर घंटी नसती का वाजली? तुम्ही लय घाबरता बघा."

"अहो, घंटी बंद…" तेवढ्यात फोन कटला, आणि पुन्हा लागेना.

ती ओझरला उतरली. रिकामे क्रेट घेऊन पिंपळगावकडे निघालेला एक टेम्पो तिनं जवळजवळ आडवी होऊनच थांबवला. ड्रायव्हर भाव पडल्याचं काहीतरी सांगत होता; तिला शब्द ऐकू येत नव्हते. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, बटणावर दाबून धरलेला भागीबाईचा अंगठा. आपण मारली तिला, असं ती मनात म्हणाली, आणि मनात म्हटलेलंही तिला सहन होईना.

गेटवर नवनाथ काही विचारत होता. ती तशीच धावत आत गेली आणि कोल्ड रूमचं दार दोन्ही हातांनी ओढलं.

भागीबाई दाराशीच क्रेट उलटा घालून बसली होती. डोक्यावरून पोतं घेतलेलं, ओठ काळेनिळे. अंगठा बटणावर होता.

तिला बाहेर हॉलमध्ये आणली, अंगावर घोंगड्या टाकल्या. बायका धावत आल्या, कुणी तळवे चोळले, कुणी चहा आणला. रंग परतला तशी भागीबाई बोलू लागली, आणि बोलताना चक्क हसत होती.

"मी नाय घाबरले. सुलाबाई वरडून वरडून दमली व्हती. मी म्हनलं, वरडायचं कशाला, दार बडवायचं कशाला? घंटी हाय आपली. दाबून गप बसले. पोरगी येनार, ठाव व्हतं मला."

"घंटीनं वाचवलं गं बाई," कुणी म्हणालं. नवनाथनं आपला फोन उलटासुलटा करून पाहिला. "मला नाय वाजली. रेंज नसंल."

स्नेहा काहीच बोलली नसती तरी चाललं असतं. सकाळी लवकर येऊन जोड टाकला असता, कुणाला कळलंही नसतं. पण समोर सगळ्याजणी घंटीकडे कौतुकानं बघत होत्या, आणि रात्रपाळीच्या बायका स्वेटर चढवत होत्या.

"मावशी, घंटी वाजली नाही," ती म्हणाली. "दुपारीच बंद पडली होती. माझ्या हातून. तुमचं टिंग आलं नाही म्हणून मी परत आले."

भागीबाईनं मान वळवून कोल्ड रूमच्या दाराकडे पाहिलं.

"म्हंजी मी दाबत व्हते तवा," ती सावकाश म्हणाली, "कुनालाच काय ठाव नव्हतं?"

आणि इतका वेळ न थरथरलेला तिचा हात आता थरथरू लागला. कपातला चहा घोंगडीवर सांडला. स्नेहानं तो हात दोन्ही हातांत धरला.