सोलापूर, दोन दिवस : कुमुदच्या फाइलीसाठी

कुमुद यशवंत धारूरकर, तुझ्या नावाने पत्र आले. तुला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. पाकिटावर तुझे संपूर्ण नाव अचूक टंकलिखित होते, म्हणून मी ते परत पाठवले नाही. जनमत संशोधकांच्या ज्या संघटनेची तू सदस्य होतीस ती विसर्जित होत आहे, सोलापुरातील तिची खोली रिकामी करायची आहे आणि सर्व दप्तर एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे जाणार आहे, असे त्यात लिहिले होते. ज्या सदस्यांना आपल्या फाइलीत काही पाहायचे अथवा जोडायचे असेल त्यांनी महिनाअखेरीपर्यंत यावे. त्यानंतर दप्तर सर्वांना खुले होईल. हे शेवटचे वाक्य मी तीनदा वाचले आणि तिकीट काढले.

वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. माझी पत्नी घरोघर जाऊन लोकांची मते विचारण्याचे काम करीत असे. पाणी, रेशन, शाळा, निवडणूक, ज्या विषयाचे सर्वेक्षण असेल त्याचे प्रश्न. या व्यवसायात सर्वांत मोठा गुन्हा एकच: कोणाच्याही दारी न जाता घरी बसून फॉर्म भरणे. बावीस वर्षांपूर्वी सोलापुरातील एका फॉर्मबाबत तिच्यावर नेमका हाच ठपका आला आणि तिचे सदस्यत्व स्थगित झाले. मी तिला विचारले होते, "गेली होतीस की नाही?"

"गेले होते," ती म्हणाली.

"मग तसे लेखी दे."

"तसं देता येणार नाही हो."

मी वजनमापे निरीक्षक होतो. जो दुकानदार वजन दाखवायला नकार देतो त्याचे वजन कमी भरते, हा माझा नोकरीतील अनुभव. मी पुढे काही बोललो नाही, आणि तीही बोलली नाही. तिने ते काम सोडले. आता ती फाइल कोणीही उघडू शकणार होती. ती खरी होती की नव्हती हे पाहण्यासाठी, आणि खरी असल्यास तसे फाइलीत लिहवून घेण्यासाठी, मी सोलापूरला गेलो.

पुण्याहून सकाळच्या गाडीने जाणे सोयीचे. साधारण चार तास लागतात आणि दुपारचे ऊन चढण्याच्या आत पोहोचता येते. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. दौंड मागे पडल्यावर उजनीचे पाणी काही काळ दिसते, नंतर ऊस आणि काळी, भेगाळलेली जमीन. माझ्यासमोर माढ्याकडचे एक वृद्ध जोडपे बसले होते. केम स्थानक जवळ आले तसे आजोबा पिशवी सावरू लागले.

"केम आलं. कुंकू घ्यायचं म्हणत हुतीस की."

"ही गाडी हितं थांबत न्हाय. बसा गप. मागच्या बारीला असंच उतरलात आन गाडी सुटली."

"सुटली न्हवती. सुटत हुती."

"व्हय, आन मी साखळी वडत हुती."

डब्यातील लोक हसले. केमचे फलक खिडकीतून मागे गेले. सर्वेक्षणासाठी या भागात आली की कुमुद येथील कुंकू आणीत असे. शेवटचा डबा घरातील फळीवर आहे, अर्धा भरलेला. त्याचे काय करावे हे मला ठरवता आलेले नाही.

स्थानकाजवळ राहण्याच्या सोयी पुष्कळ आहेत. मला सातशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. गरम पाणी फक्त सकाळी असते. जेवणासाठी शेंगाचटणी, कडक भाकरी आणि दही मागवावे. मी ते मागवले आणि अर्धे सोडले, पण तो दोष जेवणाचा नव्हे. रिक्षावाल्याने माझी छोटी बॅग पाहून विचारले, "बस इत्ताच सामान, साब? अकेलेच आए क्या?" मी हो म्हणालो. त्याने मला नव्या पेठेत सोडले.

संघटनेची खोली टॉवेलच्या एका दुकानावर आहे. जिना अरुंद आहे, कठडा हलतो. शेवटचे कार्यवाह शेखसाहेब दारातच उभे होते. वय सत्तरीच्या पुढे, शर्टाच्या खिशात दोन पेने. त्यांचे आणि माझे पूर्वी कधी बोलणे झाले नव्हते, परंतु त्यांची सही मी ओळखत होतो. कुमुदच्या त्या फॉर्मची फेरतपासणी त्यांनीच केली होती. फेरतपासणी म्हणजे भरलेल्या फॉर्मांपैकी काही निवडून दुसऱ्या माणसाने त्याच घरी जायचे आणि विचारायचे, तुमच्याकडे कोणी प्रश्न विचारायला आले होते का?

"या, निरीक्षकसाहेब," ते म्हणाले. "लई उशीर केलात. तवाच मॅडमबरोबर याल असं वाटलं हुतं."

ज्यांना जुन्या कागदांची आवड आहे त्यांनी हे दप्तर ग्रंथालयात जरूर पाहावे. नाकाला रुमाल मात्र बांधावा. मी त्या दिवशी दुपारभर तेथे होतो. इतिवृत्तांच्या वह्या, अधिवेशनांची छायाचित्रे, आचारसंहितेचे चार मसुदे, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे. एका पेटीतील सर्व कागद वाळवीने खाल्ले होते आणि तिच्यात काय होते हे आता कोणालाच सांगता येत नाही. घरोघर फिरणाऱ्या क्षेत्रकर्मींच्या डायऱ्यांत दर ओळीला एक घर होते: "कुलूप." "नकार." "उद्या या." "कुत्रा." कुमुदची डायरीही होती. तिचे अक्षर पाहून मी ती मिटली.

तिच्या फाइलीत चार कागद होते. पहिला तक्रारीचा. दुसरा शेखसाहेबांच्या फेरतपासणीचा: "घरातील पती व पत्नी दोघांनीही कोणी आल्याचे नाकारले." तिसरा कुमुदचा, दोन वाक्यांचा: "या घराविषयी मला काही सांगायचे नाही. फॉर्म रद्द धरावा." चौथी होती नावाची चिठ्ठी. या लोकांच्या पद्धतीत उत्तरे एका कागदावर असतात आणि नाव-पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर. दोन्हींवर क्रमांक तेवढा एक असतो. तपासणी संपली की चिठ्ठी नष्ट करायची, म्हणजे कोणाचे मत काय होते हे पुन्हा कोणालाही कळू नये. वाद चालू असेल तर चिठ्ठी राखून ठेवायची. कुमुदने खुलासा दिला नाही, वाद मिटला नाही आणि चिठ्ठी बावीस वर्षे तशीच राहिली. त्याच क्रमांकाचा उत्तरांचा फॉर्म आणि त्याला जोडलेला निवडणूक चिन्हांच्या चित्रांचा कागदही गठ्ठ्यात होता. पत्ता मी रेल्वे तिकिटाच्या पाठीवर उतरवून घेतला. तसे करणे नियमात बसत नव्हते. शेखसाहेबांनी ते पाहिले आणि खिडकी बंद करायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहराच्या पूर्व भागात गेलो. येथे विणकरांची तेलुगू घरे आहेत. यंत्रमागांचा खडखडाट गल्लीच्या तोंडापासूनच सुरू होतो आणि शेजारच्या माणसाशीही मोठ्याने बोलावे लागते. गल्लीचे नाव मी देणार नाही. पुढील मजकुरात एक-दोन तपशील मी जाणीवपूर्वक बदलले आहेत.

दारात एक वृद्ध बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. पूर्वी माझी पत्नी येथे प्रश्न विचारायला आली होती, असे मी सांगितले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले.

"फारमवाली बाई? काळी छत्री?"

"होय."

"आन आता तुमाला फिरवतेत का, ह्या वयात? बाई कुटं हाय?"

"ती गेली."

त्यांनी कातर खाली ठेवली आणि मला आत बोलावले. पाणी दिले. माग शेजारच्या खोलीत चालू होते, त्यामुळे त्या जे बोलल्या ते दारापलीकडे गेले नसावे.

"आमचे हे मागावर गेलते. बाई हितंच बसली, मी सुताच्या कांड्या भरत हुते. समदं सांगितलं तिला. शेवटी चित्रांचा कागद दिला, बोट ठिवा म्हणली, मत कुणाला. मालकच उभा हुता त्या वर्षी. आमचं खाणं त्याच्या मागावर. आन मी बोट दुसऱ्यावर ठिवलं."

"मग?"

"चार दिसानं एक सायब आले. तवा हे घरी. बाई आलती का म्हणून इचारलं. हे म्हणले, न्हाय. मग माज्याकडं बघितलं. मी बी न्हाय म्हणलं. व्हय म्हणलं असतं तर काय सांगितलंस म्हणून इचारलं असतं की. हात लई चालायचा त्यांचा."

"नंतर ती पुन्हा आली होती का?"

"आलती. मी पाय धरलं तिचं. ती म्हणली, तुमचं नाव माज्या तोंडातनं जाणार न्हाय. आन गेली. पाणी बी न्हाय घेतलं."

त्यांचे पती वारले आहेत. मुलगा आता त्याच मालकाच्या मुलाकडे कामाला आहे आणि निवडणुकीत त्याचाच झेंडा घेऊन फिरतो. मी विचारले, हे सर्व कागदावर लिहिले तर चालेल का?

"बाईचं चांगलं लिवा. माजं नगा लिवू." मग हळूच विचारले, "तो चित्रांचा कागद हाय व्हय अजून?"

"आहे."

त्यांनी पुन्हा एक पान उचलले, पण ते वळले नाही.

रिक्षाने परत जायला वीस मिनिटे लागली. हवे ते मला मिळाले होते. कुमुद खरी होती. एका परिच्छेदात ते सिद्ध करता आले असते.

शेखसाहेब कोरा कागद काढून बसले होते.

"भेटल्या का?"

"भेटल्या."

"मग सांगा. मी लिवतो, मी सही करतो. माझं चुकलं असंल तर तसं बी लिवतो. हे वर घिऊन जायची माझी इच्छा न्हाय, साहेब. पण नुसतं 'बाई खऱ्या हुत्या' चालणार न्हाय. कुणी सांगितलं ते लिवावं लागतं."

कोणी सांगितले ते लिहिले की नाव, चिठ्ठी आणि उत्तरांचा फॉर्म एका क्रमांकाने जोडले जाणार होते आणि सर्वांना खुले होणार होते. मी तो कोरा कागद त्यांच्याकडे परत सरकवला. म्हणालो, "या घराविषयी मला काही सांगायचे नाही."

शेखसाहेबांनी चष्मा काढला.

"मॅडम बी ह्याच टेबलापाशी उभ्या हुत्या," ते म्हणाले. "असंच म्हणल्या. मला वाटलं, खोटं पचवाया लागल्यात."

"मलाही तेच वाटले होते."

त्यांनी आचारसंहिता उघडली आणि वाद संपल्यावर चिठ्ठीचे काय करायचे ते कलम माझ्यासमोर धरले.

"वाद मिटला म्हणायचं का?"

"मिटला."

"कुठल्या बाजूनं?"

"आहे त्याच."

त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. मी ती आणि तिकिटाचा पत्ता असलेला भाग बारीक फाडून पाण्याच्या पेल्यात टाकला. शाई हळूहळू सुटली. कुमुदने लिहिलेले नाव शेवटपर्यंत वाचता येत होते, मग आले नाही. फाइलीवर शेखसाहेबांनी नोंद केली: "खुलासा नाही. स्थगिती कायम. वाद समाप्त." वारस म्हणून मी खाली सही केली.

आता घरी परतून आठ दिवस झाले. त्या ग्रंथालयात जाऊन कोणी तिची फाइल मागवली तर तिने खुलासा दिला नाही एवढेच दिसेल, आणि ते अक्षरशः बरोबर आहे. मी येथे लिहिले त्याला पुरावा म्हणता येणार नाही. यात नाव नाही, गल्ली नाही. तिने त्या बाईंना शब्द दिला होता म्हणून ती संघटनेशी बोलली नाही, हे मला समजते. ती माझ्याशीही बोलली नाही, याचे कारण शोधण्यासाठी मला सोलापूरला जाण्याची गरज नव्हती. तिने मला सांगितले असते तर मी ते लेखी मागितले असते, हे तिला ठाऊक होते. बावीस वर्षे आम्ही एका टेबलावर जेवलो.

कुंकवाचा डबा मी फळीवरून हलवलेला नाही.

प्रवासाच्या वहीतील त्या दिवसाची शेवटची नोंद जशीच्या तशी देतो. दुपारी साडेचार वाजता दप्तराचे गठ्ठे ग्रंथालयाच्या गाडीत चढवले. खोली झाडली. दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या खालच्या दुकानात मालकांना परत केल्या.