खोलीतला आकाशकंदील

मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस की पापांच्या कपाटात सापडलेल्या फोटोत आकाशकंदील घराच्या आत, पलंगाच्या वर का टांगलेला आहे. बाहेर पाऊस होता का, म्हणालीस. चंदीगडला दिवाळीत पाऊस नसतो. मी विषय बदलला आणि तुझ्या परीक्षेचं विचारलं, कारण फोनवर ते सांगणं मला जमलं नसतं. लिहून जमेल असं वाटतं. तुम्हां दोघांनाही मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. सावकाश वाचा, दादाला शेजारी बसव. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं; पण हे सगळं माझ्या मनात इंग्रजीत कधी आलेलंच नाही.

तुमची आई त्या वर्षी उन्हाळ्यात गेली. तू पाच वर्षांची होतीस, दादा नऊचा. आबांनी ज्या हॉस्पिटलात सगळी नोकरी काढली तिथेच तिला ठेवलं होतं. रिपोर्ट आला की मी कागदाकडे नाही, आबांच्या तोंडाकडे बघायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "निदान मला तरी खोटं सांगा." ते म्हणाले, "नाही ग जमत मला." खरंच जमत नसे. तुमच्या आबांना कुणी काही विचारलं की ते जेवढं ठाऊक असेल तेवढं सगळं, बरोबर सांगत. विचारणारा मोठा असो की लहान.

तुमचं घर तेव्हा झिरकपूरला होतं, नव्याने झालेल्या फ्लॅटांमध्ये. शाळा मात्र आमच्या सेक्टरमध्ये, म्हणून आई गेल्यापासून शाळेचे दिवस तुम्ही आमच्याकडेच राहत होता. पापा ऑफिस सुटलं की यायचे, तुमच्याबरोबर जेवायचे आणि गाड्यांच्या त्या रांगेतून दादीकडे परत जायचे. दसऱ्याच्या सुमारास कॅनडाचे कागद आले. तुमची बुआ आधीपासून तिथे होतीच. जानेवारीत निघायचं ठरलं. हे मला सांगताना पापा स्वतःच्या बुटांकडे बघत होते. "मम्मीजी, यहाँ अब मुझसे नहीं होगा." मी म्हटलं, "पता है, बेटा." मग माझं इथे कसं होणार आहे, हे विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही.

घरात कुणी गेलं की वर्षाच्या आतले सण आपल्यात करत नाहीत. पापांच्या घरीही नाही. फराळ नाही, दारात रांगोळी नाही. मग कंदील कुठला? मी मनाशी तसं ठरवून टाकलं होतं. एक दिवस दादा शाळेतून आला, दप्तर खुर्चीवर टाकलं आणि म्हणाला, "आजी, कंदील कब शुरू करना है?" करायचा का, असं नाही. कधी, एवढंच. दरवर्षी दिवाळीच्या आधी तुमची आई तुम्हांला घेऊन आमच्याकडे यायची आणि व्हरांडाभर कागद पसरायचे, तसं याही वर्षी होणार हे त्याने धरूनच चाललं होतं.

एकटीने हो म्हणायची माझी हिंमत होईना. मी दादीला फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बहनजी, पटाखे नहीं, मिठाई नहीं. पर बच्चे कागज काटते हैं तो काटने दो. बच्चों का क्या सोग!" मुलांना कसलं सुतक, असं त्यांचं म्हणणं.

दादाला घेऊन मी सेक्टर बावीसच्या मार्केटात गेले. पतंगाचा कागद इकडे वसंत पंचमीला निघतो, दिवाळीत कुणी मागत नाही. आमचा दुकानदार दरवर्षी तीच कुरकुर करीत माळ्यावर चढायचा. "आंटीजी, सारी दुनिया बसंत में पतंग उड़ाती है, आप लोग दिवाली में क्या उड़ाते हो?" कागद झटकून देताना त्याने विचारलं, "दीदी नहीं आईं इस बार?" मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "घर पे हैं." रस्त्यात त्याने माझा हात धरला. एरवी तो धरत नसे. म्हणाला, "आजी, अंकल को सब बताना ज़रूरी तो नहीं ना?" मी म्हटलं, "नाही, मुळीच नाही."

बांबूच्या कामट्या चंदीगडात मिळत नसत. त्यावर तुमच्या आईनेच शाळेत असताना उपाय काढला होता. व्हरांड्यात ऊन अडवायला बांबूच्या पट्ट्यांचा पडदा लावतात, इकडे त्याला चिक म्हणतात. आमची एक जुनी चिक गच्चीच्या जिन्यात गुंडाळून ठेवलेली असे आणि तिच्या पट्ट्या काढून कंदील व्हायचा. पट्ट्या अगदी बारीक, म्हणून दोन-दोन एकत्र करून दोऱ्याने बांधायच्या. मी मैद्याची खळ शिजवली. तू ओट्याजवळ उभी राहून "हलवा है?" म्हणून विचारत होतीस आणि मी नाही म्हटलं तरी बोट घालून चाटलंसच. तोंड वाकडं करून म्हणालीस, "मीठा डालना भूल गई आजी."

दादा गाठी मारत होता, मी कागद चिकटवत होते, आणि तुझ्याकडे झिरमिळ्यांचं काम दिलं होतं. कागदाची घडी घालायची, वर दोन बोटं जागा सोडायची आणि खाली कात्रीने बारीक पट्ट्या कापत जायच्या. तू पहिली घडी शेवटपर्यंत कापलीस, सगळ्या पट्ट्या सुट्या होऊन तुझ्या मांडीवर पडल्या. दादा ओरडला, "बुद्धू, मम्मा बताती थी ना, दो उँगली छोड़ के!" तू ओरडून म्हणालीस, "मुझे नहीं बताया!" आणि रडायला लागलीस. कागद वाया गेला म्हणून नाही रडलीस. आईने त्याला सांगितलं, तुला सांगितलं नाही, म्हणून. मी तुझी दोन बोटं कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली. मग दुपारचं सगळं काम तू त्या रेघेवर केलंस, जीभ बाहेर काढून, एकही पट्टी तुटू न देता.

संध्याकाळपर्यंत कंदील झाला. पांढरा आणि केशरी, एका अंगाला जरासा कललेला. आबा आत बल्ब बसवून वायरीला टेप गुंडाळत होते. दादाने विचारलं, "आबा, ये बाहर ही क्यों लगाते हैं? अंदर भी तो सुंदर लगेगा."

आबांनी चष्मा काढला. प्रश्न चांगला असला की ते चष्मा काढत. "पूर्वी उंच काठीवर दिवा टांगायचे," ते म्हणाले, "म्हणून आकाशदिवा. घरातली जी माणसं गेलेली असतात ना, ती पितृपक्षात आपल्याकडे येतात अशी समजूत आहे. दिवाळीच्या सुमारास त्यांची परत जायची वेळ होते. तेव्हा अंधारात त्यांना वाट दिसावी म्हणून घराबाहेर उंच दिवा लावतात. समजलं?"

दादा म्हणाला, "हां." तू खाली पडलेल्या पट्ट्या गोळा करत होतीस. मला वाटलं, तुझं लक्ष नव्हतं.

धनत्रयोदशीला पापा लवकर आले. कंदील टांगायला त्यांनी स्टूल घेतलं आणि व्हरांड्याकडे निघाले. तू दारात उभी. दोन्ही हात चौकटीला लावून.

"हट बेटा, गिर जाऊँगा."

"नहीं लगाना."

"क्यों? तूने ही तो बनाया है."

"बाहर नहीं लगाना. मम्मा चली जाएगी."

पापांना कळेना, त्यांनी माझ्याकडे बघितलं. आदल्या दिवशीचं बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. दादाने खालच्या आवाजात सांगितलं, "आबा ने बोला था, जाने वालों को रास्ता दिखता है." पापा स्टूल तसंच हातात धरून उभे राहिले.

आबा तुझ्यासमोर गुडघे टेकून बसले. त्यांचे गुडघे तेव्हाही दुखत असत. "बाळा, ती नुसती समजूत आहे ग. जुन्या लोकांची. खरं तसं काही नसतं."

तू म्हणालीस, "कल तो बोला था."

"काल मी गोष्ट सांगत होतो."

तू त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलंस आणि मान हलवलीस. "आबा झूठ नहीं बोलते."

ते उठलेच नाहीत. तसेच जमिनीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हॉस्पिटलात, स्मशानात, कुठेच रडताना पाहिलं नव्हतं. तिथे, दाराच्या चौकटीशी, तुझ्या पायाजवळ पाहिलं.

शेवटी दादानेच वाट काढली. म्हणाला, "अंदर लगा देते हैं. अंदर लाइट होगी तो मम्मा अंदर ही रहेगी ना?" तू जरा विचार केलास आणि चौकटीवरचे हात काढलेस. पण तुझ्या अटी होत्या. खिडक्या बंद. पडदे ओढलेले. उजेड जरासुद्धा बाहेर जायचा नाही. मच्छरदाणीसाठी पलंगाच्या वर छताला एक कडी होती, तिला पापांनी कंदील बांधला. तू खोलीभर फिरून फटी तपासल्यास आणि व्हरांड्याच्या दाराखाली माझी जुनी शाल कोंबलीस. मग म्हणालीस, "अब जलाओ."

आम्ही सगळे त्या पलंगावर आणि पलंगाशेजारी सतरंजीवर बसलो. सगळ्या सेक्टरमध्ये फटाके वाजत होते, कुणीतरी जिन्यावर हसत होतं. आत तुमच्या तोंडांवर केशरी उजेड. पापांनी फोटो काढला तो तेव्हाचा. त्यात मी हसते आहे असं तुला वाटलं असेल. तू माझ्या कानाशी येऊन विचारलंस, "है ना यहाँ?" मी म्हटलं, "आहे."

मला ती कुठेच जाणवत नव्हती. तिची साडी कपाटात होती, तिच्या हातची पेन्सिलीची रेघ जुन्या कंदिलांवर असेल, पण ती नव्हती. तरी मी म्हटलं ते मनापासून म्हटलं. तुला हवी होती तेवढीच ती मलाही हवी होती.

दिवाळी संपली. तुळशीचं लग्न झालं. कंदील उतरवायचं कुणी नाव काढलं नाही. तो दिवसासुद्धा चालू असे. घरातले दिवे मालवत फिरणारे आबा त्या बटणाला हात लावत नसत. तू रोज शाळेतून आलीस की आधी त्या खोलीत जायचीस, आणि मगच बूट काढायचीस.

तुमच्या जाण्याची बांधाबांध सुरू झाली. झिरकपूरहून बॅगा आल्या, त्यांनी आमचा हॉल भरला. तू कंदील बरोबर नेणार म्हणालीस. पापा म्हणाले, विमानात चुरा होईल, तिकडे नवा बनवू. तू रडली नाहीस. बराच वेळ विचार करून मला येऊन सांगितलंस, "तो फिर मम्मा को आप रखो. मैं आऊँगी ना वापस."

निघालात त्या सकाळी धुकं इतकं होतं की समोरचं पार्किंग दिसत नव्हतं. टॅक्सी दिल्लीपर्यंत न्यायची होती, ड्रायव्हर घाई करत होता. आबा बॅगा घेऊन पापांबरोबर खाली उतरले. दादाने मला मिठी मारली आणि पटकन जिना उतरून गेला, मोठ्या माणसासारखा. मी चपला घातल्या, तुझा हात धरला, कारण मीही खाली येणार होते. टॅक्सीपर्यंत तरी. दार उघडताच तू माझा हात सोडलास.

"आप मत आओ, आजी."

"का ग?"

"दरवाज़ा खुला रहेगा. जल्दी बंद करो." तू टोपी कानांवर ओढलीस आणि बाहेर उडी मारलीस. "जल्दी, आजी! अभी!"

मी दार बंद केलं.

तू बाहेरून ढकलून बघितलंस, नीट लागलं का ते. मग तुझे पाय जिन्यावरून जाताना ऐकू आले. खाली दारं आपटली, कुणीतरी काही म्हणालं, आबा खोकले. मला खिडकीशी जायचं होतं, पण पडदा सरकवला असता तर तुला खालून उजेडाची फट दिसली असती. म्हणून मी कडीवर हात ठेवून तिथेच उभी राहिले. गाडी सुरू झाली, वळली, आवाज धुक्यात गेला. तू काचेतून वर बघत होतीस का, हे मला आजही माहीत नाही. आबांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि खरं सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

सुरुवातीला दर रविवारी फोनवर तुझा पहिला प्रश्न असायचा, "दरवाज़ा बंद है?" मी बंद आहे म्हणायचे. मग तिकडे बर्फाची गोष्ट आली, मैत्रीण आली, एका रविवारी तू विचारायला विसरलीस. मी फोन ठेवून वाट पाहिली, आठवण झाली तर परत करशील म्हणून. त्याच्या पुढच्या रविवारीही विचारलं नाहीस. तसंच व्हायला हवं होतं, लहान मूल त्या दाराशी जन्मभर थोडंच उभं राहणार? आबाही तेच म्हणाले. पण मला वाटलं, आता तिला घरात ठेवणारी मी एकटीच उरले.

पुढच्या दिवाळीला वर्ष सरलं होतं. आबांनी कंदील उतरवला, धूळ पुसली आणि काही न बोलता व्हरांड्याकडे नेला. स्टूल मी धरलं. त्यांनी तो बाहेर बांधला, दिवा लावला. खालून कुणीतरी वर बघून "हॅपी दिवाली, आंटी!" म्हणालं, मी हात केला. मग आत आले, आणि सवयीने मागे दार लावायला वळले. हात कडीवर गेला. लावू की नको ते मला कळेना. आबा अजून बाहेर होते, थंडी आत येत होती. ते म्हणाले, "राहू दे आता उघडं."

मी ते उघडं ठेवलं. ती गेली, असं मला त्या संध्याकाळी वाटलं. उन्हाळ्यात नाही.