दाढी, अक्कल आणि माझं भाषांतर

गेल्या महिन्यात एका सोमवारी, दुपारी सव्वातीन वाजता, मी माझ्या साहेबांना भर सभेत अक्कल नाही असं म्हटलं.

चि. ईशा आणि चि. अर्णव, तुमच्या बाबाने, म्हणजे नितीनने, तिकडे मेलबर्नमध्ये तुम्हाला या प्रसंगाची जी आवृत्ती सांगितली आहे, ती चुकीची आहे. तिच्यात मी रडते. मी रडलेली नाही. म्हणून खरी हकीकत क्रमवार लिहून पाठवते आहे. मराठी वाचायला जड गेलं तर मोठ्याने वाचा, कानाला कळेल.

आधी माझ्या खुर्चीबद्दल. मी ज्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, तिथून निवृत्त झाले त्या दिवशी शाल आणि नारळ घेतला आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा कामावर गेले. शाळेची इंग्रजी पत्रं तपासायला दुसरं कोणी नव्हतं. ऑफिसात खिडकीजवळ एक टेबल, एक खुर्ची आणि लाल पेन एवढा माझा विभाग. आज नऊ वर्षं झाली. त्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय एकही इंग्रजी कागद फाटकाबाहेर पडलेला नाही. शिवाय तुमचे आजोबा रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरी असतात. माझं त्यांच्यावर प्रेम आहे. दहा ते चार मी ते शाळेतून करते.

यंदा शाळा एका नव्या मंडळाकडे गेली आणि विवेक साहू नावाचे तरुण संचालक आले. सडपातळ अंगकाठी, इस्त्रीचा शर्ट, आणि दाढी अशी कोरलेली, की जणू पट्टी ठेवून आखली असावी. आल्या आल्या त्यांनी स्टाफ मीटिंग बोलावली आणि विषयपत्रिकेत तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं: ‘पत्रव्यवहार विभागाची गरज’. विभागात मी एकटी. म्हणजे गरज माझीच तपासली जाणार होती.

इथे तुम्हाला आमची एक जुनी सवय सांगायला हवी. रायपुरात आम्ही मराठी माणसं मराठीचा उपयोग खिशातल्या रुमालासारखा करतो, म्हणजे गरज पडली की तोंडावर धरतो. भाजीवाल्यासमोर भाजी शिळी आहे हे मराठीत. डॉक्टरांसमोर डॉक्टर नवशिके दिसतात हे मराठीत. लग्नात जेवायला बसल्यावर मुलीच्या मामाबद्दल जे काही बोलायचं ते सगळं मराठीत. समोरच्याला काही कळत नाही, असं आम्ही धरून चालतो. (हे कोणी कधी तपासलेलं नाही.)

तर मीटिंग. मे महिना, हॉलमध्ये एक भलामोठा कूलर. तो चालू असला की शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. माझ्या शेजारी मेश्रामबाई, प्राथमिक विभागाच्या मुख्याध्यापिका, माझ्या वीस वर्षांच्या मैत्रीण. समोर पडद्यावर संचालकांनी पालकांसाठी स्वतः लिहिलेली इंग्रजी नोटीस.

“देखिए,” संचालक म्हणाले, “यह मैंने दस मिनट में लिखी है। सब अपनी-अपनी चिट्ठी खुद लिखें, तो अलग विभाग की ज़रूरत नहीं रहती।”

मी ती नोटीस वाचली. सुट्टीत वर्गखोल्यांना रंग द्यायचा होता. सरांच्या वाक्यरचनेप्रमाणे रंग पालकांना दिला जाणार होता, तोही दोन हात.

मी मेश्रामबाईंच्या कानाशी वाकले आणि कूलरच्या वरताण आवाजात म्हणाले, “पहा वो बाई...”

एवढ्यात वीज गेली. पडदा विझला, कूलर गप झाला. पण पन्नास मुलांच्या वर्गात घडलेला माझा आवाज असा एकदम थांबत नाही. पुढचं सगळं वाक्य त्या शांततेत एकटंच, ताठ मानेने चालत गेलं: “...दाढी वाढली म्हणून अक्कल थोडीच वाढते. याले दोन ओळी इंग्रजी लिहिता येत नाही, अन् मले घरी बसवून राहिला.”

हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी तिची दखल घेतली गेली असती.

मी घाबरले का? नाही. वाक्य मराठीत होतं. मी चेहऱ्यावर मंद हसू आणलं आणि बसून राहिले. पण उपप्राचार्य तिवारीजी हे चौकस गृहस्थ. त्यांनी विचारलं, “दीदी, क्या कहा आपने? दाढ़ी का कुछ था।”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मराठीतली दाढी हिंदीतही दाढीच असते. अक्कल, इंग्रजी आणि घर या बाबतीतही परिस्थिती फारशी वेगळी नाही. म्हणजे हे चारही शब्द सगळ्यांनी ऐकलेले होते आणि आता त्या चारही शब्दांची सोय लावणं भाग होतं.

“मैं कह रही थी,” मी म्हणाले, “सर की दाढ़ी से ही पता चलता है, कितनी अक्कल है। और अंग्रेज़ी ऐसी, कि अब मैं चैन से घर बैठ सकती हूँ।”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेश्रामबाईंनी पदर तोंडात कोंबला. आणि तिवारीजींनी मीटिंगच्या रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘श्रीमती पांढरीपांडे ने संचालक महोदय की अंग्रेज़ी की सराहना करते हुए स्वेच्छा से घर बैठने की इच्छा प्रकट की।’

नऊ वर्षं जपलेली खुर्ची मी स्वतःच्या तोंडाने, उत्तम हिंदीत, दान करून टाकली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मीटिंग संपल्यावर संचालक माझ्याजवळून जाताना क्षणभर थांबले आणि हळूच, अगदी आपल्याकडच्या मराठीत म्हणाले, “बाई, भाषांतर बाकी लय भारी केलं तुम्ही.”

मेश्रामबाईंनी पदर तोंडातून काढला. “ताई, यायले मराठी येते.”

“मले ऐकू आलं,” मी म्हणाले.

घरी येऊन मी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. आजोबा शेंगदाणे सोलत होते. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी एकही शेंगदाणा तोंडात टाकला नाही, यावरून त्यांना परिस्थितीचं गांभीर्य कळलं असावं.

“काहून बोलली तू?” ते म्हणाले. “चूप नाही राहता येत?”

“कूलर बंद पडला.”

“कूलर रोजच बंद पडते. जा, सॉरी म्हण अन् मोकळी हो.”

“कशाबद्दल सॉरी म्हणू? मी जे मराठीत बोलले ते खरं होतं. हिंदीत बोलले ते खोटं होतं. परत घ्यायचंच असेल तर मी हिंदी परत घेईन.”

“म्हणजे उद्या सगळ्यायसमोर तू त्या माणसाले पुन्हा बिनअकलेचा म्हणशील?”

“पुन्हा नाही. पहिल्यांदाच, समजेल असं.”

त्यानंतर आजोबांनी तुमच्या बाबाला फोन लावला. तो म्हणाला, “आई, प्लीज. मेल लिहून टाक. आय रिग्रेट एवढंच लिही.” तिवारीजींचा फोन आला, “दीदी, सॉरी बोल दीजिए, बात ख़त्म।” मेश्रामबाईंचाही आला. एकूण चार सुशिक्षित माणसांनी मला एकाच संध्याकाळी माफी मागायचा सल्ला दिला, आणि चौघांनाही मी विचारलं की खुर्चीचं काय. मी सॉरी म्हणून गप्प बसले असते, तर रजिस्टरमधलं वाक्य तसंच राहिलं असतं आणि पहिल्या तारखेपासून मी आजोबांसमोर शेंगदाणे सोलत बसले असते.

कबूल करते, त्या संध्याकाळी एकदा मलाही वाटलं की ते वाक्य हवेतून ओढून पुन्हा घशात घालता आलं तर बरं होईल. पण ते पाच मिनिटंच. नंतर मी टेबलाशी बसले, आठवत होती तेवढी नोटीस कागदावर उतरवली आणि लाल पेनाने चुकांवर क्रमांक घातले. अकरा भरल्या. चुका मोजल्या की मला नेहमीच शांत झोप लागते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे हॉलमध्ये जमले. आदल्या दिवशीचं कामकाज वाचून कायम करायचं होतं. तिवारीजी वाचत वाचत माझ्या वाक्यापाशी आले आणि मी उभी राहिले.

“इसमें एक सुधार है।”

तिवारीजींनी डोळ्यांनी मला विनवण्या केल्या. मेश्रामबाईंनी माझ्या पदराचं टोक धरून खाली ओढलं. पदर पिन लावलेला होता, आला नाही.

“मेरा कल का अनुवाद ग़लत था,” मी म्हणाले. “सही अनुवाद लिखिए। एक, दाढ़ी बढ़ने से अक्कल नहीं बढ़ती। दो, सर को दो लाइन अंग्रेज़ी लिखना नहीं आता। तीन, फिर भी वे मुझे घर बैठा रहे हैं। चार, मेरी घर बैठने की कोई इच्छा नहीं है।”

तिवारीजींचं पेन हवेतच राहिलं. “दीदी, यह सब... लिखना है?”

“हव,” मी म्हणाले. (छत्तीसगढीतल्या या होकारापुढे कोणाचं काही चालत नाही, असा माझा अनुभव आहे.)

सगळ्यांनी संचालकांकडे पाहिलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. “लिखिए, तिवारीजी। आज का अनुवाद सही है। मैंने मराठी में सुना था।”

मी अकरा चुकांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. ते ती सावकाश वाचत गेले. पालकांच्या रंगापाशी आले तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. “यह आज ही हर घर में जाने वाली थी,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “मैडम की कुर्सी वहीं रहेगी। और मेरी चिट्ठियाँ भी वहीं से जाएँगी।”

इथे मी खाली बसायला हवं होतं. जिंकलेल्या माणसाने बसावं. पण मला उभी राहूनच विचारण्याची बुद्धी झाली, “सर, आपने मराठी सीखी कहाँ?”

“आपके घर पर, मैडम।”

मला काही समजेना.

“बूढ़ापारा वाला घर। मैं गोलू। गुढ़ियारी से पापा स्कूटर पर छोड़ते थे। तीन साल ट्यूशन पढ़ा आपसे।”

गोलू! गोलू म्हणजे दारातून आडवा आत येणारा मुलगा. त्या गोलूमधून हा सडपातळ माणूस निघाला असेल, हे कोणत्या शिक्षिकेला ओळखता येईल? तो पुढच्या खोलीत बसून निबंध लिहायचा आणि मी आत-बाहेर करत घरादाराशी मराठीत बोलायची. त्याला काय कळतंय, म्हणून अगदी निर्धास्त.

“मैडम की मराठी मुझे आज भी याद है,” तो म्हणाला, आणि त्याने माझ्या स्वरात, माझ्या हातवाऱ्यांसकट सुरुवात केली: “‘नितीन, पाय पुसून ये.’ ‘अहो, तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करा.’ ‘ह्या पोट्ट्याच्या डोक्यात नुसता भुसा आहे, पण रागावू कशी, बिचारा दर शनिवारी लाडू घेऊन येतो.’”

मेश्रामबाईंनी शेवटच्या वाक्याचं हिंदी भाषांतर सर्वांसाठी तत्काळ करून दिलं. त्यात एकही चूक नव्हती. तिवारीजी इतके हसले की त्यांना रजिस्टर मिटावं लागलं. मी खाली बसले.

“मग तेव्हाच का नाही सांगितलं, की तुला कळतं?” मी शेवटी विचारलं. (सर म्हणायचं राहूनच गेलं.)

“सांगितलं असतं तर तुम्ही बोलणं बंद केलं असतं,” तो म्हणाला. “निबंधापेक्षा तेच बरं वाटायचं.”

तर मुलांनो, खुर्ची राहिली. शब्द मी परत घेतला नाही आणि माफीही मागितली नाही. घरी येऊन मी चहा टाकला आणि हे सगळं मान वर करून आजोबांना सांगितलं, गोलूसकट.

आजोबांनी चहा बशीत ओतला, एक घोट घेतला. “तीन वर्षं तूच शिकवलं ना याले इंग्रजी?”

“हो. मीच.”

“मग त्या अकरा चुका कोणाच्या?”

जेवण झाल्यावर यादी आठवून पुन्हा लिहून काढली, चष्मा पुसला आणि प्रत्येक चूक नीट तपासली. आजोबांना कळावं म्हणून नाही, तुम्हाला कळावं म्हणून लिहिते: अकरापैकी दोन त्याच्या स्वतःच्या आहेत.