डावं मागचं चाक

सोमाटण्याला टायरमध्ये हवा भरून घेत होतो तेव्हा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले." एवढंच. सांगायला लाज वाटते, पण रडू येण्याआधी मला चीड आली. अरे, त्याच्या गाडीचं घासणं अजून थांबलं नव्हतं, आणि हा माणूस निघून गेला!

दिनूदादा माझा चुलतभाऊ. जन्म कारखान्यात माल तपासण्यात गेला. निवृत्त होऊन लोणावळ्यात राहिला आणि एका बंद बंगल्यातून गंजलेली, दोनच माणसं बसतील अशी जुनी विलायती स्पोर्ट्स कार घेऊन आला. इंजिन महिन्याभरात गुरगुरलं. तिथं थांबावं की नाही? पण मूळचे टायर त्याला सायकलचे वाटायचे. मग रुंद टायर आले, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतलं एकेक पान काढून गाडी खाली बसवली. देखणी झाली, आणि घासायला लागली. उजवं वळण आलं की डावं मागचं चाक मडगार्डला... खर्रर्र. डावीकडची फट मुळातच कमी होती. वहिनींना पहिल्यांदा फिरवायला नेलं, तर कुरवंड्याच्या रस्त्यावर रबराचा जळका वास आला. त्या उतरल्या आणि चालत घरी आल्या. घासायचं थांबलं की येईन, म्हणाल्या. दादानं शब्द दिला.

तेव्हापासून दर रविवारी डावीकडच्या सीटवर मी. कारखान्याची सवय... जास्तीत जास्त वजनाला टिकला तरच माल पास. "तुझ्या वजनाला चालली की कुणालाही चालेल," असं तो भर पंगतीत सांगायचा. माझ्या वजनाची एवढी चौकशी माझ्या डॉक्टरांनीही केली नसेल. मी डाएट धरलं तेव्हा हा माणूस चक्क नाराज झाला. एकदा मी गेलो नाही, तर यानं कामशेतहून तांदळाची पोती आणून सीटवर बांधली. घासलं नाही म्हणून खुशीत फोन. पुढच्या रविवारी मी बसलो, पुन्हा खर्रर्र. पोतं गप बसतं, मी भिऊन दाराला चिकटतो, असा निष्कर्ष निघाला.

मडगार्डची कड ठोकून आत वळवली. शॉकअप कडक घातले, तर माझे मणके बोलू लागले. चाक आत घेतलं, तर ते आतून पाट्याला लागलं. आवाज कमी कमी होत गेला, पण जाईना. काढलेलं पान परत घाल म्हटलं, तर म्हणे गाडी शेळीसारखी उभी दिसेल. कामशेतचा गॅरेजवाला रफिकभाई शेवटी वैतागला. "भाऊ, गाडीला काय बी झालं न्हाई. यास्नी खाली उतरवा." सगळे हसले. मीही हसलो, पोट सावरत.

शेवटच्या रविवारी पुन्हा तेच वळण, पुन्हा बारीकसं खर्र. दादा रस्त्याच्या कडेला चाकापाशी उकिडवा बसून राहिला. माझा तोल गेला. म्हटलं, "घासलं तर घासलं, वहिनींना बसव आणि घेऊन जा एकदाचा."

"शब्द दिलाय रे," तो म्हणाला. "घासत घासत नेऊ होय तिला?"

दिवसकार्य झालं. गाडीला गिऱ्हाईक आलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, विकण्याआधी एकदा मला न्या. मी चालवायला बसलो. पदर खोचून त्या शेजारी बसल्या. वळण आलं, मी श्वास धरला... काही नाही. पुढचं वळण, काही नाही. पार कुरवंड्यापर्यंत चाक गुपचूप फिरत राहिलं. वहिनी माझ्या निम्म्यानंही भरत नाहीत. त्यांच्यापुरती गाडी कधीच दुरुस्त झाली होती, महिन्यांपूर्वी की वर्षापूर्वी, देव जाणे. त्यांना बसवून बघावं हे त्या तपासनिसाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. दादा समोर असता तर त्याची गचांडी धरली असती.

"आवाज येत नाही हो," वहिनी म्हणाल्या. "कधी थांबला?"

"शेवटच्या रविवारी," मी ठोकून दिलं. "दादानंच केलं."

त्या दरीकडे बघत राहिल्या. "मग मला बोलावलं का नाही?"

मी गाडी वळवली. उतारावर वहिनी दाराला टेकून, मान तिरकी करून, मागच्या चाकाकडे कान लावून बसल्या होत्या.